हेडसेट ‘कनेक्टेड’ दिसतो, पण आवाज येत नाही: ब्लूटूथ हेडसेट कॉम्प्युटरवर बोलता करण्याच्या पायऱ्या

माझी मावशी सांगलीला गाणं शिकवते. दोन विद्यार्थिनी समोर बसतात, बाकीच्या ऑनलाइन. मागच्या पावसाळ्यात तिने नवा ब्लूटूथ हेडसेट घेतला आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी सव्वासहाला मला फोन केला. “अगं, निळा दिवा लागलाय, लॅपटॉप कनेक्टेड म्हणतोय, पण तानपुरा लॅपटॉपमधनंच वाजतोय. कानात काहीच नाही.” साडेसहाला तिचा क्लास होता. तो त्या दिवशी जुन्या वायरच्या इयरफोनवर झाला. दुपारी आम्ही दोघी फोनवर निवांत बसलो आणि एकेक गोष्ट तपासत गेलो.

त्याआधी माझी स्वतःची एक नोकरीची मुलाखत अशीच बिघडली होती. समोरचे लोक बोलताना दिसत होते, ओठ हलत होते आणि कानात शांतता. घाईत मी चार सेटिंग्ज एकदम बदलली, त्यामुळे नेमकं काय चुकलं होतं ते शेवटपर्यंत कळलं नाही. तेव्हापासून हा विषय मी नीट शिकून घेतला. नव्याने हेडसेट घेतलेल्या कोणाचीही सकाळ किंवा मुलाखत अशी वाया जाऊ नये, म्हणून हे लिहिते आहे.

सुरुवात करण्याआधी एक गोष्ट समजून घ्या. हेडसेट पेअर होणं, कनेक्ट होणं आणि आवाज तिकडे जाणं या तीन वेगवेगळ्या घटना आहेत. पेअर होणं म्हणजे दोघांची ओळख झाली आणि ती लक्षात राहिली. कनेक्ट होणं म्हणजे आत्ता या क्षणी दोघं एकमेकांशी बोलतायत. आणि आवाज कुठल्या वाटेने सोडायचा, लॅपटॉपच्या स्पीकरवर, मॉनिटरवर की हेडसेटवर, हे कॉम्प्युटर त्यानंतर वेगळं ठरवतो. निळा दिवा आणि ‘कनेक्टेड’ हा शब्द तुम्हाला पहिल्या दोन गोष्टींबद्दलच सांगतो. तक्रार बहुतेक वेळा तिसऱ्या गोष्टीत असते.

पायऱ्या विंडोज ११ धरून लिहिल्या आहेत. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला असला तरी घराघरात ते अजून चालू आहे, म्हणून जिथे फरक पडतो तिथे तेही सांगितलं आहे.

हाताशी काय ठेवायचं

- पूर्ण चार्ज केलेला हेडसेट आणि त्यासोबत आलेला माहितीचा कागद. पेअरिंगसाठी कोणतं बटण किती वेळ दाबायचं हे प्रत्येक हेडसेटचं निराळं असतं.
- एक मोबाइल फोन. हेडसेट तपासायला लागतो, आणि बऱ्याचदा गडबड करणाराही तोच असतो.
- वायरचा साधा इयरफोन, म्हणजे तपासणी चालू असताना कामं अडत नाहीत.
- सलग वाजणारं काहीतरी: एखादं गाणं किंवा तानपुऱ्याचं ॲप. थांबून थांबून वाजणारा व्हिडिओ घेऊ नका, मग आवाज नाही की व्हिडिओच थांबलाय हे कळत नाही.
- लॅपटॉप ऑफिसचा असेल तर आयटी विभागाचा नंबर. काही सेटिंग्ज तिथे कुलूपबंद असतात.

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि प्रत्येक बदलानंतर गाणं लावून ऐका. मी केलेली चूक तुम्ही करू नका.

पायरी १: हेडसेट स्वतः ठीक आहे का, ते फोनवर पाहा

कॉम्प्युटरचं ब्लूटूथ बंद करा, हेडसेट फोनला जोडा आणि गाणं लावा. वाजलं तर हेडसेट चांगला आहे, गडबड कॉम्प्युटरच्या बाजूला आहे. फोनवरही शांतताच असेल तर पुढच्या पायऱ्यांत वेळ घालवू नका. आधी चार्जिंग पाहा, मग हेडसेटवरचं आवाजाचं बटण. बऱ्याच हेडसेटचा आवाज त्यांच्या स्वतःच्या बटणाने वेगळा कमी-जास्त होतो. तो तिथे शून्यावर असेल तर कॉम्प्युटरवर शंभर टक्के ठेवूनही कानात काही येणार नाही.

आणखी दोन बारीक गोष्टी इथेच पाहून घ्या. पुष्कळ हेडसेट चार्जिंगची वायर लावलेली असताना ब्लूटूथ बंद करतात. आणि ज्यांना वायरनेही जोडता येतं, त्यांच्या खाचेत ती वायर नुसती खोचलेली असली तरी कित्येक मॉडेल ब्लूटूथ सोडून देतात, वायरचं दुसरं टोक हवेत लोंबकळत असलं तरीही.

पायरी २: फोनची पकड सोडवा

आता उलट करा. फोनचं ब्लूटूथ पूर्ण बंद करा आणि हेडसेट कॉम्प्युटरला जोडा.

हेडसेट सुरू झाला की आधी ज्याच्याशी जोडलेला होता त्याला शोधतो. तो फोन शेजारच्या खोलीत चार्जिंगला लावलेला असला तरी सापडतो, कारण दहा मीटरचं अंतर घरात सहज भरतं. काही हेडसेट एकाच वेळी दोन यंत्रांना जोडलेले राहतात, त्याला मल्टिपॉइंट म्हणतात. सोय चांगली आहे, पण फोनवर व्हॉट्सॲपचा नुसता टिंग झाला तरी हेडसेट त्या बाजूला वळू शकतो आणि कॉम्प्युटरवरची मीटिंग मुकी होते. घरातला टॅब आणि टीव्हीसुद्धा विसरू नका. मुलांनी रात्री टीव्हीला हेडसेट जोडला असेल तर सकाळी तो तिकडेच धावतो.

फोन बंद केल्यावर आवाज आला तर तुमचं काम झालं. महत्त्वाच्या मीटिंगपुरतं फोनचं ब्लूटूथ बंद ठेवा, किंवा हेडसेटच्या ॲपमध्ये मल्टिपॉइंट बंद करा.

पायरी ३: ब्लूटूथच्या यादीत नावाखाली काय लिहिलंय ते वाचा

सेटिंग्ज उघडा आणि ‘ब्लूटूथ अँड डिव्हाइसेस’ मध्ये जा. हेडसेटच्या नावाखाली एक छोटी ओळ असते. ती सहसा कोणी वाचत नाही, पण तिच्यात खूप काही आहे.

‘पेअर्ड’ एवढंच असेल तर ओळख आहे, पण आत्ता संपर्क नाही. नावाशेजारचं ‘कनेक्ट’ दाबा.

‘कनेक्टेड व्हॉइस, म्युझिक’ असेल तर दोन्ही वाटा उघड्या आहेत, पुढच्या पायरीवर जा.

फक्त ‘कनेक्टेड व्हॉइस’ असेल तर बोलण्याची वाट जोडली गेली आणि संगीताची राहून गेली. हेडसेट बंद करून पुन्हा सुरू करा. तरी तसंच राहिलं तर थेट पायरी ८ करा.

आणि यादीत एकच नाव दोनदा दिसत असेल, त्यातल्या एकाच्या आधी ‘एल ई’ अशी अक्षरं असतील, तर थांबा. ते दुसरं नाव हेडसेटच्या ॲपशी बोलण्यासाठी असतं. त्याला पेअर केलं तर कॉम्प्युटर समाधानाने ‘पेअर्ड’ म्हणतो आणि आवाज मात्र कधीच येत नाही. ते काढून टाका आणि साध्या नावाला जोडा.

पायरी ४: आवाजाची वाट बदला

मावशीचं कोडं इथे सुटलं. कोपऱ्यात खाली घड्याळाच्या शेजारी स्पीकरचं चित्र असतं. त्यावर क्लिक केलं की आवाजाची पट्टी वर येते, आणि तिच्या उजव्या टोकाला एक लहानसं चिन्ह असतं. ते दाबल्यावर आवाज बाहेर पडण्याच्या सगळ्या वाटांची यादी उघडते. कीबोर्डवरून उघडायची असेल तर कंट्रोल, विंडोज आणि व्ही ही तीन बटणं एकत्र दाबा. विंडोज १० मध्ये त्याच स्पीकरवर क्लिक केल्यावर पट्टीच्या वर यंत्राचं नाव दिसतं. त्या नावावर क्लिक करा.

“मावशी, त्या यादीत काय काय आहे, वाच बरं.”

“स्पीकर्स रिअलटेक. मग माझ्या हेडसेटचं नाव. बरोबरची खूण स्पीकर्सपुढे आहे.”

“हेडसेटच्या नावावर क्लिक कर.”

दोन सेकंद गेले आणि पलीकडून ती नुसतंच “आला” म्हणाली.

बाहेरचा मॉनिटर एचडीएमआय वायरने जोडला असेल तर या यादीत मॉनिटरचं नावही येतं, आणि कधीकधी विंडोज आपणहून त्याचीच निवड करतो. मॉनिटरला स्पीकर नसले तरी करतो. आवाज जातोय, पण अशा ठिकाणी जिथे तो वाजवणारं काहीच नाही. लॅपटॉप डॉकला (मॉनिटर, कीबोर्ड वगैरे एकदम जोडणाऱ्या डबीला) लावून काम करणाऱ्यांनी आधी हेच पाहावं.

हेडसेट यादीतच नसेल तर सेटिंग्ज, सिस्टीम, साउंड असं जा. सगळी साउंड उपकरणं दाखवणारा पर्याय तिथे आहे. हेडसेटच्या नावावर क्लिक केल्यावर ‘अलाऊ’ असं बटण दिसत असेल, तर कधीतरी कोणीतरी त्याला बंद केलेलं आहे. ते दाबून परवानगी द्या.

पायरी ५: हिरव्या पट्ट्या पाहा

एवढं करूनही आवाज नसेल तर आता अंदाज बांधत बसू नका. विंडोजमध्ये एक जुनी खिडकी आहे, जिथे आवाज कुठे जातोय ते डोळ्यांना दिसतं. साउंडच्या पानावर अगदी खाली ‘मोअर साउंड सेटिंग्ज’ असतं, विंडोज १० मध्ये त्याला ‘साउंड कंट्रोल पॅनल’ म्हणतात. त्यातला ‘प्लेबॅक’ हा पहिलाच भाग उघडा आणि मागे गाणं चालू ठेवा.

प्रत्येक यंत्राच्या नावासमोर उभ्या रांगेत राखाडी चौकोन दिसतील. ज्या यंत्राकडे आवाज जातोय त्याचे चौकोन गाण्याबरोबर हिरवे होऊन वरखाली नाचतात. यातून तीनपैकी एक उत्तर मिळतं.

स्पीकर्सचे चौकोन नाचतायत: वाट चुकलेली आहे. हेडसेटच्या नावावर राइट क्लिक करा आणि ‘सेट ॲज डिफॉल्ट डिव्हाइस’ निवडा. त्याच यादीत ‘डिफॉल्ट कम्युनिकेशन डिव्हाइस’ हा वेगळा पर्याय आहे, मीटिंगची काही ॲप्स त्याच्याकडे पाहतात, म्हणून तोही तपासा.

हेडसेटचे चौकोन नाचतायत पण कानात शांतता: कॉम्प्युटर आवाज पाठवतोय, तो वाटेत किंवा हेडसेटमध्ये हरवतोय. पायरी ७ आणि ८ तुमच्यासाठी आहेत.

कोणाचेच चौकोन हलत नाहीत: आवाज ज्या ॲपमधून यायचा तिथूनच निघत नाहीये. पायरी ६ पाहा.

या खिडकीतल्या मोकळ्या जागेत राइट क्लिक करून ‘शो डिसेबल्ड डिव्हाइसेस’वर खूण केली की बंद पडलेली यंत्रंही फिकट रंगात दिसू लागतात. कित्येकांचा ‘गायब’ झालेला हेडसेट मला इथे सापडला आहे. त्यावर राइट क्लिक करून ‘इनेबल’ म्हणायचं, एवढंच.

फोनवरून कोणाला मदत करत असाल तर सगळ्यात आधी हीच खिडकी उघडायला सांगा. “काय होतंय?” असं विचारलं की लोक “काहीच होत नाही” म्हणतात. “कुठले चौकोन हिरवे होतायत?” असं विचारलं की नेमकं उत्तर येतं.

पायरी ६: ॲपने स्वतःची वेगळी निवड केली आहे का?

गाणी कानात येतात पण मीटिंग येत नाही, अशी तक्रार असेल तर ही पायरी. झूम, मीट, टीम्स ही ॲप्स स्पीकर आणि माइकची निवड स्वतःकडे ठेवतात. काल तुम्ही लॅपटॉपच्या स्पीकरवर मीटिंग केली असेल तर आज हेडसेट जोडूनही ॲप जुन्याच जागी आवाज सोडू शकतं.

झूममध्ये माइकच्या चित्राशेजारच्या बाणावर क्लिक करा, स्पीकरची यादी उघडते. स्पीकर आणि माइक तपासायची सोय तिथेच आहे. मीटिंगच्या आधी वापरा, मीटिंग सुरू झाल्यावर नको. मीटमध्ये तीन टिंबांतून सेटिंग्ज आणि मग ऑडिओ. टीम्समध्येही मीटिंगच्या सेटिंग्जमध्ये स्पीकरची निवड मिळते.

ब्राउझरमध्ये काही वाजत नसेल तर वरच्या टॅबवर स्पीकरवर काट मारल्याचं चित्र आहे का पाहा. असेल तर राइट क्लिक करून ‘अनम्यूट साइट’.

सगळाच गुंता झाला असेल तर सिस्टीम, साउंड, ‘व्हॉल्यूम मिक्सर’ इथे जा. प्रत्येक चालू ॲपची वेगळी पट्टी आणि वेगळी वाट तिथे दिसते. खाली ‘रीसेट’ आहे, ते दाबलं की सगळी ॲप्स पुन्हा मुख्य निवडीवर येतात.

पायरी ७: एकाच हेडसेटची दोन रूपं समजून घ्या

या पायरीवर मला थोडं जास्त लिहायचं आहे, कारण यामुळेच लोक चांगले हेडसेट दुकानात परत करतात.

मावशीच्या कानात तानपुरा आला खरा. पण दुसऱ्या दिवशी झूम सुरू करताच तिने पुन्हा फोन केला. “जवारीच गेली गं. पत्र्याच्या डब्यातून वाजवल्यासारखा येतोय.” जवारी म्हणजे तानपुऱ्याच्या तारेचा गुंजत राहणारा झणकार. चाळीस वर्षं तानपुरा लावणाऱ्या बाईच्या कानाने जे पकडलं, ते तांत्रिकदृष्ट्या तंतोतंत बरोबर होतं.

ब्लूटूथ हेडसेट कॉम्प्युटरशी दोन पद्धतींनी बोलतो. पहिली संगीताची, ए टू डी पी. यात आवाज एकाच दिशेने येतो, डावा-उजवा वेगळा आणि भरदार. पण यात माइकला जागा नाही. दुसरी फोनवर बोलण्याची, हँड्स-फ्री. यात माइकही चालतो, पण दोन्ही दिशांचा आवाज अरुंद वाटेत कोंबायचा म्हणून तो एकेरी आणि पातळ होतो. या पद्धतीच्या जुन्या प्रकारात आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने, म्हणजे मोजमापं, घेतले जातात, म्हणजे ४,००० हर्ट्झच्या वरचं काहीच ऐकू येत नाही. सुधारित प्रकारात ते १६,००० होतात, म्हणजे वरची मर्यादा ८,००० हर्ट्झ. संगीताच्या पद्धतीत साधारण ४४,१०० किंवा ४८,००० नमुने असतात. माणसाचं बोलणं अरुंद वाटेतही कळतं. तारेच्या टणत्कारातले वरचे बारीक स्वर, ज्यांच्यामुळे जवारी जवारी वाटते, ते कापले जातात.

कुठल्याही ॲपने हेडसेटचा माइक उघडला की हेडसेट पहिल्या रूपातून दुसऱ्या रूपात जातो. विंडोज ११ मध्ये यादीत हेडसेट एकदाच दिसतो आणि अदलाबदल आपोआप होते, म्हणून तुम्हाला फक्त आवाज खराब झाल्याचं जाणवतं. विंडोज १० मध्ये मात्र एकाच हेडसेटची दोन नावं दिसतात, एकापुढे ‘स्टिरिओ’ आणि दुसऱ्यापुढे ‘हँड्स-फ्री’. तिथे तुम्ही स्टिरिओ निवडलेला असताना एखाद्या ॲपने माइक उघडला, तर स्टिरिओची वाट पूर्ण मुकी होते. हिरवे चौकोन नाचत राहतात आणि कानात काही नाही. माझी खात्री आहे की माझ्या मुलाखतीत हेच झालं होतं.

यावर तीन उपाय आहेत, गरजेप्रमाणे निवडा.

पहिला, आणि माझ्या मते सगळ्यात चांगला: मीटिंगच्या ॲपमध्ये स्पीकर म्हणून हेडसेट ठेवा आणि माइक म्हणून लॅपटॉपचा स्वतःचा माइक निवडा. हेडसेटचा माइक कोणी उघडलाच नाही की हेडसेट संगीताच्या रूपात राहतो. मावशी आता असंच करते. पंखा आणि रस्त्याचा आवाज आत येतो म्हणून तिने एक छोटा यूएसबी माइक घेतला, पण तो नसता तरी चाललं असतं. संगीत शिकवणाऱ्यांसाठी झूममध्ये संगीतकारांकरिता ‘ओरिजिनल साउंड’ची सोय आहे, ती जरूर वापरा, मात्र माइक हेडसेटचा असेल तर आवाज झूमपर्यंत पोहोचायच्या आधीच पातळ झालेला असतो, तिथे ही सोयही काही करू शकत नाही.

दुसरा: गोंगाटाच्या ठिकाणी आहात, हेडसेटचाच माइक हवा आहे. मग विंडोज १० मध्ये स्पीकर आणि माइक दोन्हींसाठी ‘हँड्स-फ्री’ नावच निवडा. दर्जा फोनसारखा असेल, पण आवाज नक्की येईल.

तिसरा: हेडसेटचा माइक कधीच लागत नसेल तर ते रूपच बंद करा. ब्लूटूथच्या पानावरून ‘मोअर डिव्हाइसेस अँड प्रिंटर सेटिंग्ज’मध्ये जा, विंडोज १० असेल तर कंट्रोल पॅनलमधलं ‘डिव्हाइसेस अँड प्रिंटर्स’ उघडा. हेडसेटवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, ‘सर्व्हिसेस’, आणि ‘हँड्स-फ्री टेलिफोनी’वरची खूण काढा. नंतर माइक हवा झाला तर खूण परत लावायला विसरू नका.

मीटिंग चालू नसतानाही आवाज डब्यातून येत असेल तर घड्याळाशेजारी माइकचं छोटं चित्र दिसतंय का बघा. त्यावर माउस नेला की कोणतं ॲप माइक धरून बसलंय त्याचं नाव कळतं. खिडकी बंद केली तरी मागे चालू राहणारी बोलण्याची ॲप्स यात नेहमी सापडतात.

मॅकवरही हेडसेटचा माइक वापरला की आवाज असाच पडतो, आणि पहिला उपाय तिथेही तसाच लागू पडतो. लिनक्सवर ‘पल्सऑडिओ व्हॉल्यूम कंट्रोल’ नावाचं ॲप घ्या. त्यातल्या ‘कॉन्फिगरेशन’ भागात हेडसेटसमोर ए टू डी पी की हँड्स-फ्री हे सरळ निवडता येतं.

नव्या एल ई ऑडिओ पद्धतीत माइक चालू असतानाही आवाज चांगला राहू शकतो, पण त्यासाठी हेडसेट आणि कॉम्प्युटर दोघांनाही ती पद्धत यायला हवी. खरेदी करताना खोक्यावर पाहून घ्या.

पायरी ८: जोडणी मोडून नव्याने जोडा

क्रम महत्त्वाचा आहे, म्हणून सलग देते.

सेटिंग्जमध्ये हेडसेटच्या नावाशेजारच्या तीन टिंबांवर क्लिक करून ‘रिमूव्ह डिव्हाइस’ करा. मग कॉम्प्युटर ‘रीस्टार्ट’ करा. ‘शट डाउन’ करून पुन्हा सुरू करणं पुरेसं नाही, कारण बऱ्याच लॅपटॉपवर ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असतं आणि त्यात विंडोजचा गाभा जसाच्या तसा जपून ठेवला जातो. अडकलेला ड्रायव्हरही (यंत्राला विंडोजशी जोडणारं सॉफ्टवेअर) त्याच्यासोबत जपला जातो. रीस्टार्टमध्ये सगळं खरोखर नव्याने सुरू होतं.

आता फोनचं ब्लूटूथ बंद आहे याची खात्री करा आणि हेडसेट पेअरिंगमध्ये टाका. नुसता सुरू करणं म्हणजे पेअरिंग नव्हे. बहुतेक हेडसेटमध्ये बटण काही सेकंद दाबून धरावं लागतं, दिवा भराभर लुकलुकायला लागला की सोडायचं. डबीतल्या छोट्या इयरबडचं बटण डबीवर असू शकतं. मग कॉम्प्युटरवर ‘ॲड डिव्हाइस’, ‘ब्लूटूथ’, आणि यादीतून साधं नाव निवडा. जोडल्यावर पायरी ३ मधली ओळ पुन्हा वाचा, आणि पायरी ४ मधली निवडही पुन्हा पाहा, कारण नवी जोडणी म्हणजे नवी वाट.

पायरी ९: ड्रायव्हर आणि सर्व्हिसेस

विंडोजचं अपडेट झालं आणि दुसऱ्या दिवसापासून आवाज गेला, अशी वेळ आली तर इथे या. एरवी घाईने येऊ नका.

स्टार्टवर राइट क्लिक करून ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडा. ‘ब्लूटूथ’ खाली तुमच्या अडॅप्टरचं, म्हणजे कॉम्प्युटरमधल्या ब्लूटूथच्या भागाचं, नाव असेल. त्याच्या प्रॉपर्टीजमधल्या ‘ड्रायव्हर’ भागात ‘रोल बॅक ड्रायव्हर’ दाबता येत असेल तर जुन्या ड्रायव्हरवर जा. नवा ड्रायव्हर हवा असेल तर तो लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून, तुमच्या नेमक्या मॉडेलसाठीचा घ्या. ब्लूटूथसोबत ऑडिओचा ड्रायव्हरही घ्या, कारण काही नव्या लॅपटॉपमध्ये ब्लूटूथचा आवाज ऑडिओ चिपमधून जातो. ‘सगळे ड्रायव्हर एका क्लिकवर’ म्हणणारी फुकटची सॉफ्टवेअर उतरवू नका. मदत मागायला आलेल्या दोन लॅपटॉपवर त्यांनी आणलेल्या जाहिराती काढण्यातच माझा वेळ गेला आहे.

त्याच प्रॉपर्टीजमध्ये ‘पॉवर मॅनेजमेंट’ असेल तर वीज वाचवण्यासाठी यंत्र बंद करायची परवानगी देणारी खूण काढा. थोड्या वेळाने आपोआप मुका होणारा हेडसेट यामुळे सुधारू शकतो.

सर्व्हिसेस म्हणजे मागे सतत चालणारे विंडोजचे छोटे प्रोग्राम. त्यांची खिडकी स्टार्टमध्ये ‘सर्व्हिसेस’ शोधून मिळते. तिथे विंडोज ऑडिओ, विंडोज ऑडिओ एंडपॉइंट बिल्डर, ब्लूटूथ सपोर्ट सर्व्हिस आणि ब्लूटूथ ऑडिओ गेटवे सर्व्हिस शोधा. जी थांबलेली असेल ती ‘स्टार्ट’ करा. बाकी कशाला हात लावू नका.

पायरी १०: डेस्कटॉप आणि यूएसबी अडॅप्टरवाल्यांसाठी

डेस्कटॉपमध्ये ब्लूटूथ असेल तर मागे दोन छोट्या अँटेना फिरवून लावायच्या असतात. इंटरनेट केबलने येतं, वायफाय लागत नाही म्हणून लोक त्या खोक्यातच ठेवतात, पण ब्लूटूथही त्यांच्यावरच चालतं. त्या नसतील तर हेडसेट जोडला जातो आणि खुर्ची मागे सरकवली की आवाज तुटतो.

यूएसबी अडॅप्टर लावला असेल तर निळ्या रंगाच्या यूएसबी ३ खाचेजवळ तो ठेवू नका. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतं आणि यूएसबी ३ ची देवाणघेवाण त्याच पट्ट्यात गोंगाट करते. इंटेलने २०१२ सालीच हे मोजून दाखवलं होतं. बाहेरची हार्ड डिस्क लावली की हेडसेट अडखळतो, त्यामागे हेच असतं. यूएसबीची फूटभर लांबीची एक्स्टेंशन वायर घेऊन अडॅप्टर टेबलावर आणा, फरक लगेच जाणवतो. वायफाय जमल्यास ५ गिगाहर्ट्झवर ठेवा.

लॅपटॉपचं मूळ ब्लूटूथ चालू ठेवून वर आणखी अडॅप्टर लावला असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये मूळचं ‘डिसेबल’ करा. विंडोज एका वेळी एकच ब्लूटूथ नीट सांभाळतो.

कुठे थांबायचं

हेडसेट फोनवर वाजतो, पण तुमच्या कॉम्प्युटरवर वरच्या सगळ्या पायऱ्या करूनही वाजत नाही, तर तो दुसऱ्या कोणाच्या तरी कॉम्प्युटरला जोडून पाहा. तिथे वाजला तर तुमच्या कॉम्प्युटरचं ब्लूटूथ कार्ड किंवा ड्रायव्हर दुरुस्तीला न्यायचा. ब्लूटूथचा यूएसबी अडॅप्टर काही शे रुपयांत मिळतो, आणि कित्येकदा दुरुस्तीपेक्षा तोच स्वस्त पडतो. हेडसेट कुठेच वाजत नसेल तर वॉरंटी पाहा. बिल, खोकं आणि खोक्यावरचा सीरियल नंबर लागतो. दुकानात जाताना तो फोनवरही वाजत नाही याचा छोटा व्हिडिओ काढून न्या. “आमच्याकडे तर चालतोय” असं उत्तर मिळालं तर तो दाखवता येतो.

मावशीने तिच्या लॅपटॉपच्या झाकणाच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवला आहे. त्यावर तिच्या अक्षरात चार ओळी आहेत: फोनचं ब्लूटूथ बंद. स्पीकर हेडसेटचा. माइक लॅपटॉपचा. मग झूम.

तिचा सकाळी सव्वासहाला येणारा फोन आता बंद झाला आहे.